आचार्यांचा निरोप

"पुन्हा म्हण," आचार्य म्हणाले.

मी पाचव्यांदा म्हटलं. "आठव्या दिवशी सूर्योदयाला आमचं सगळं सैन्य कोल्हेखिंडीत असेल. लव्हाळी उतारावर शिपायांच्या वेशात नुसते म्हातारे आणि बायका उभ्या आहेत. तिथे आम्ही उघडे आहोत. त्या दिवसाच्या आत तुमचे हजार तिरंदाज उतारावर पोचवा. नाहीतर युनशी राज्य संपलं."

"आता तू."

तानवेईने तोच निरोप एका दमात म्हणून दाखवला. त्याचा आवाज खणखणीत होता. माझा मात्र प्रत्येक वेळी 'उघडे आहोत' या शब्दांवर अडखळत होता.

आम्ही आचार्यांच्या तुतीच्या बागेत उभे होतो. सकाळची वेळ होती. नदीपलीकडे दोन दिवसांच्या वाटेवर होशांगच्या राजाचं सैन्य तळ देऊन बसलं होतं. चारशे रथ होते म्हणे. आमच्याकडे चाळीसही नव्हते. डोंगरांनी वेढलेल्या आमच्या युनशीला दोनच दारं होती. एक कोल्हेखिंड आणि दुसरा लव्हाळी उतार, जिथे नदी गुडघाभरच असते. दोन्ही दारं राखायला पुरेल एवढं सैन्य आमच्याकडे नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून पश्चिमेच्या डोंगरी टोळ्यांकडे मदत मागायची होती, आणि तो निरोप तोंडीच न्यायचा होता.

आचार्य गौयान तेव्हा सत्तरीचे असतील. अंगाने काडी. एके काळी ते याच नदीवर होडी चालवत. आमच्या राजाच्या वडिलांनी एकदा त्यांच्या होडीतून नदी ओलांडली, आणि पलीकडच्या काठाला लागेपर्यंत त्यांना आपला सल्लागार करून टाकलं, असं लोक सांगत. पुढच्या तीस वर्षांत युनशी एकही लढाई हरलं नाही. फक्त एकदा मागे हटलं, आणि त्या वेळी मी पळालो होतो.

ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या लढाईत मी दुसऱ्या रांगेत भाला धरून उभा होतो. समोरून रथ आले तसा मी भाला टाकला आणि धूम ठोकली. आम्ही नऊ जण पकडले गेलो. आठ जणांची मुंडकी वेशीवर लागली. नवव्याची पाळी आली तेव्हा आचार्य राजाला म्हणाले, "हा मला द्या. तुतीची पानं तोडायला माणूस हवाय." राजा हसला आणि मी वाचलो. तेव्हापासून मी त्यांच्या बागेत पानं तोडत होतो, रेशमाचे किडे सांभाळत होतो. त्यांनी मला कधी 'पळपुटा' म्हटलं नाही. मी त्यांना देव मानत होतो.

"आचार्य," मी धीर करून म्हणालो, "माझ्याऐवजी दुसरा कुणी..."

"दोघं हवेत. एक मेला तर दुसरा पोचेल."

"आणि दोघंही पकडले गेलो तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते मी शिकवत नाही," ते म्हणाले. "ते ज्याचं त्याने करायचं. मिठाच्या वाटेने जा. दुसऱ्या दिवशी दुपारी पडक्या भट्ट्या लागतील. भर दुपारी तिथे पहारा नसतो."

तानवेई राजाच्या पहारेकऱ्यांतला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, चालताना गुणगुणणारा. मी कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या मुक्कामाला त्याने आपल्या राळ्याच्या भाकरीचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"खा. तोंड का पाडलंयस?"

"तुला माहितेय ना मी पळालो होतो?"

"सगळ्या गावाला माहितेय."

"मग माझ्याबरोबर यायला तयार कसा झालास?"

"आचार्यांनी सांगितलं. आणि घाबरणारा माणूस वाट नीट बघून चालतो." तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "माझी बायको त्या उतारावर उभी आहे, लिशान. सुनलान. निळीने कापड रंगवते ती. दणकट दंड आहेत तिचे, म्हणून तिला पहिल्या रांगेत घेतलं. डोक्यावर माझंच जुनं शिरस्त्राण घालून गेली. म्हणाली, घामाचा वास येतोय तुझ्या." त्याने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "आपल्याला पोचायलाच पाहिजे."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडक्या भट्ट्या दिसल्या. मीठ उकळायच्या त्या जुन्या मातीच्या भट्ट्या, पांढऱ्या पडलेल्या. चिटपाखरू नव्हतं. मला हायसं वाटलं. आम्ही तिसऱ्या भट्टीपाशी पोचलो आणि तिच्या तोंडातून एक माणूस बाहेर आला. मग दुसरीतून दोन. मग मागून. आठ जण होते.

तानवेईने दोघांना लोळवलं. मी हात वर केले.

होशांगच्या तळावर आम्हाला सेनापती कुओपुढे उभं केलं. मी मनात राक्षस धरून होतो. समोर एक ठेंगणा माणूस बसला होता. त्याची दाढ दुखत होती. एक गाल सुजलेला, आणि त्यावर तो ऊन पाण्यात भिजवलेलं फडकं धरून होता.

"मला जास्त बोलवत नाही," तो म्हणाला. "कुठे निघाला होतात?"

आम्ही गप्प.

तंबूबाहेर एक रथ उभा होता. घोडे सोडलेले, एक चाक जमिनीपासून हातभर वर उचललेलं. तानवेईला तिथे नेलं. त्याचा उजवा हात चाकाच्या आऱ्यांमधून आत घातला, आणि दोघांनी चाक फिरवलं.

तो आवाज मी सांगणार नाही.

"नाव?" कुओने विचारलं.

"तानवेई."

"कुठे निघाला होतास?"

"तानवेई."

मग डावा हात. तो ओरडला, पण ओरडण्यातही दुसरा शब्द नव्हता. शेवटी त्याची शुद्ध गेली. त्याच्या तोंडावर पाणी ओतलं, भानावर आणलं, पुन्हा विचारलं. "तानवेई," तो पुटपुटला. कुओने फडकं पिळलं, पुन्हा गरम पाण्यात बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मला आणलं. माझा हात आऱ्यांतून घातला. लाकूड ओलं होतं आणि ती ओल कशाची होती हे मला ठाऊक होतं. एका शिपायाने चाकाला हात लावला. फिरवलं नाही, नुसता लावला.

मी सांगून टाकलं.

आठवा दिवस, कोल्हेखिंड, लव्हाळी उतार, म्हातारे, बायका, हजार तिरंदाज. आचार्यांच्या बागेत अडखळत म्हटलेलं सगळं त्या दिवशी माझ्या तोंडून धडाधडा बाहेर पडलं. एवढंच नाही, कुणी न विचारता मी सांगितलं की पहिल्या रांगेत रंगारी बायका आहेत आणि त्यांच्या डोक्यावर नवऱ्यांची जुनी शिरस्त्राणं आहेत.

कुओने गालावरचं फडकं काढलं.

"इतक्या लवकर?" तो म्हणाला. "इतक्या लवकर सांगतो तो पढवलेलं सांगतो. गौयानचा माणूस आहेस तू. तो म्हातारा असाच एखादा पोपट पाठवेल." तो शिपायाला म्हणाला, "फिरव."

"खरं आहे!" मी किंचाळलो. "आईशप्पथ खरं आहे!"

त्याने हात वर करून शिपायाला थांबवलं. थोडा विचार केला. मग तानवेईला माझ्यासमोर आणवलं. दोघांनी काखेत धरून त्याला उभा केला होता.

"तुझ्या सोबत्याने सांगितलं," कुओ त्याला म्हणाला. "लव्हाळी उतार. बायका."

तानवेईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलंस?"

मी खाली बघितलं.

तो त्या दोघांच्या हातून कसा सुटला देव जाणे. हातांचा तर चेंदामेंदा झालेला होता. तो अंगाने माझ्यावर कोसळला, मला खाली पाडलं आणि माझा कान दातांत धरला. तिघे जण त्याला मागे ओढत होते आणि तो सोडत नव्हता. आजही माझ्या डाव्या कानाची पाळी नाही. शेवटी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याच्या तोंडातून माझं रक्त गळत होतं आणि तो गुरासारखा हंबरत होता. "सुनलान उभी आहे तिथे! लेका, सुनलान उभी आहे तिथे!"

कुओ उठून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला.

"हे पढवून येत नाही," तो म्हणाला.

तानवेईला तंबूमागे नेलं. तो चालत गेला. थोड्या वेळाने एक आवाज आला, ओलं लाकूड फोडावं तसा. मग त्याला नेणारे दोघेच परत आले.

मला मारलं नाही. "हा आपल्याबरोबर येईल," कुओ म्हणाला. "पहिल्या रथाला बांधा. काही वेगळं दिसलं तर आधी याचा गळा."

आठव्या दिवसाची वाट ते पाहणार नव्हते. आणखी कुणी निरोप घेऊन टोळ्यांपर्यंत पोचला असेल, म्हणून टोळीवाले येण्याआधीच उतार गाठायचा, असं ठरलं. पुढचे चार दिवस मी रथाच्या मागच्या कठड्याला मनगटं बांधलेल्या स्थितीत धावलो, पडलो, फरफटलो. माझ्या पहाऱ्याला एक पोक्त शिपाई होता. दर थांब्याला तो मला पाणी पाजायचा आणि विचारायचा, "खरंच बायका आहेत ना रे?" मी हो म्हणायचो. त्यालाही लढायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्या चार दिवसांत मी एकच गोष्ट मागत होतो. माझं बोलणं खरं ठरावं. उतारावर बायकाच असाव्यात. म्हणजे मी जगेन. याचा अर्थ काय होतो ते मला कळत होतं, तरी मी तेच मागत होतो.

सातव्या दिवशी, सकाळी उन्हं चढल्यावर, आम्ही उतारावर पोचलो.

बायका होत्या. नदीपलीकडे राळ्याची कापलेली शेतं पसरली होती, त्यांवर पेंढा अंथरलेला. शेतांच्या पार टोकाला एक विरळ रांग उभी होती. शिरस्त्राणं कुणाच्या डोळ्यांवर आलेली, भाले वाकडेतिकडे धरलेले. एकीचा लांब शेपटा पाठीवरून पुढे आला होता. होशांगचे शिपाई हसू लागले. कुणीतरी शिट्टी घातली. कुओनेही हसून माझ्याकडे पाहिलं. "तू जगशील," तो म्हणाला.

मला आनंद झाला. झाला, हे मी लपवत नाही.

शंख फुंकला गेला. रथ पाण्यात शिरले. नदी खरोखरच गुडघाभर होती. पहिले शंभर रथ पलीकडे चढले, पेंढ्यावर आले, घोड्यांना चाबूक बसला आणि ते शेतांत उधळले. मागून आणखी शंभर. पायदळ त्यांच्या मागे.

माझा रथ शेताच्या मधोमध होता तेव्हा घोडा अचानक बसला. पाय दुमडून बसावा तसा. मग चाकं खाली गेली, आऱ्यांपर्यंत, मग आसापर्यंत. पेंढ्याखालून काळा चिखल वर आला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. जिथवर नजर जाईल तिथवर रथ बसत चालले होते. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते येऊन आदळत होते. घोडे किंचाळत होते. घोडा किंचाळतो ते ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

आणि लव्हाळ्यांतून बाण आले. दोन्ही बाजूंनी. युनशीचं सगळं सैन्य तिथेच होतं, लव्हाळ्यांत पोटावर पडलेलं. कोल्हेखिंडीत कुणीच नव्हतं.

रथ कलंडला आणि मी त्याच्याखाली अर्धा गेलो. तोंडात चिखल. मनगटं अजून कठड्याला बांधलेली. माझा पहारेकरी माझ्याकडे वळला. सुरा उपसला. हुकूमच होता त्याला. पण तोही मांड्यांपर्यंत रुतला होता, एक पाय काढायला गेला की दुसरा आणखी खोल जात होता. तो माझ्यापासून दोन हातांवर थांबला, सुरा उगारलेला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्याचा चेहरा अगदी माझ्यासारखा होता. मग एक बाण त्याच्या मानेत लागला आणि तो बसल्यासारखा झाला.

दुपारी आमच्याच सैन्यातल्या एका म्हाताऱ्या खणकऱ्याने मला फावड्याने मोकळा केला. तो बडबडत होता. "चिखल बघितलास? अकरा दिवस कालवा सोडलाय या शेतांत. वरून पेंढा. आचार्यांचा हुकूम. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला भ्रम झाला, कापल्या शेतात पाणी सोडतोय."

"किती दिवस?"

"अकरा. मोजून."

आम्ही निरोप घेऊन निघालो त्याला सात दिवस झाले होते.

मी चिखलात बसून तो हिशोब दोनदा केला. मग तिसऱ्यांदा.

मला आचार्यांकडे नेलं. ते नदीकाठी एका दगडावर बसून पाय धूत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी गुडघे टेकले.

"आचार्य, मी सांगितलं. त्यांनी मला हातही लावला नव्हता. मी सगळं सांगितलं."

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"भट्ट्यांमध्ये पहारा असतो, हेही."

"दुपारी तिथे सावली असते. पहारेकरी तिथेच बसतात."

ते पाय धूतच राहिले, एक झाला की दुसरा.

"मला त्यासाठी ठेवलं होतं? तीन वर्षं?"

"कधीतरी एक घाबरणारा माणूस लागेल, हे मला माहीत होतं. कधी, ते माहीत नव्हतं." ते थांबले. "नाटक करणारा कुओपुढे टिकला नसता. त्याने असे वीस पकडलेत. त्याला खरी भीती लागते. ती तुझ्याकडे होती."

"आणि तानवेई?"

आता त्यांनी पाण्यातून पाय काढला.

"नुसतं घाबरून सांगितलेलं कुओने मानलं नसतं. न सांगणारा शेजारी हवा होता. ज्याची बायको इथे उभी आहे असा."

"त्याला कळायला नको होतं का? निदान त्याला तरी?"

"त्याला कळलं असतं तर तो तुझ्यावर धावून गेला असता का?"

आम्ही दोघंही नदीकडे बघत होतो. पाण्यातून होशांगचे घोडे वाहत चालले होते.

"मला हे का सांगितलंत?" मी शेवटी विचारलं. "सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"तू विचारलंस. राजाने विचारलं नाही." ते उठले. त्यांना उठताना त्रास झाला, आणि सवयीने मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. "राजाला मी सांगितलंय की तुम्ही दोघांनी सोंग आणलं. तुझी भीती हे सोंग. त्याचा राग हे सोंग. तुला मान मिळेल. त्याचं नाव दगडावर कोरतील. लोकांना अशी गोष्ट लागते, लिशान. पळपुट्याची नाही."

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"ते मी शिकवत नाही," आचार्य म्हणाले आणि निघून गेले.

तसंच झालं. राजाने मला रेशमी झगा दिला, राजवाड्याजवळ घर दिलं. चव्हाट्याचव्हाट्यावर डफवाले दोन धूर्त हेरांची गोष्ट सांगू लागले. त्यात मी दातखिळी बसल्याचं सोंग करत असे आणि तानवेई डोळा मिचकावून माझ्या कानाचा लचका तोडत असे. लोक पोट धरून हसत. मी रस्त्याने जाऊ लागलो की माझा कान बघायला गर्दी व्हायची. मी हसून मान लववायचो. बागेत मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. आचार्यांनीही बोलावलं नाही.

सहा महिने मी तसा राहिलो. भीती गेली नव्हती, फक्त तिने जागा बदलली होती. आता मला रंगाऱ्यांच्या गल्लीची भीती वाटायची. तिच्यावरून जायला लागू नये म्हणून मी बाजाराला अर्धा कोस वळसा घालायचो. मग एका सकाळी, का ते मला आजही नीट सांगता येत नाही, मी वळसा घेतला नाही.

सुनलान अंगणात निळीच्या रांजणापुढे उभी होती. कोपरांपर्यंत हात निळे. तिने आधी माझा कान बघितला, मग चेहरा.

"तुम्ही लिशान ना?"

"हो."

"वाटलंच होतं, कधीतरी याल." ती कापड पिळत राहिली. "बसा म्हणणार नाही. एक विचारायचंय तेवढं सांगा. डफवाले सांगतात ते खरं का? त्याने सोंग केलं?"

इथे मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. तिचा नवरा शत्रूला हसत हसत फसवून मेला होता. जिंकून मेला होता. एक 'हो', आणि मी घरी गेलो असतो. मला त्या चाकापाशी वाटलं होतं तसंच वाटत होतं, अगदी तसंच.

"नाही," मी म्हणालो. "त्याला काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्याचे दोन्ही हात मोडले तरी त्याने नावापलीकडे शब्द काढला नाही. माझा हात नुसता चाकात घातला आणि मी सगळं ओकलो. त्याला वाटलं, मी तुमचा घात केला. मी केलाच होता. तो मला मारायला धावला तो खरोखर मारायलाच. तसंच समजून तो मेला."

कापड तिच्या हातातून रांजणात पडलं. ते हळूहळू बुडालं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"सहा महिने," ती म्हणाली, "सहा महिने मी ऐकतेय, तानवेईने डोळा मिचकावला, तानवेईने सोंग केलं. त्याला तर माझ्या बिघडलेल्या कालवणाला चांगलंसुद्धा म्हणता यायचं नाही, तोंडावर दिसायचं. मला वाटायचं, हे कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलतायत? मी कुणाबरोबर नांदले?" तिने निळ्या हातानेच तोंड पुसलं. "हा माझा आहे. तुम्ही सांगताय तो."

मी जायला वळलो.

"थांबा," ती म्हणाली. "आत मामंजी आहेत. त्यांनाही सांगा."

तिने म्हाताऱ्याला धरून ओसरीवर आणलं. तानवेईसारखेच रुंद खांदे, आता खाली ओघळलेले. त्याने कानामागे हात धरला.

"मोठ्याने सांगा," सुनलान म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही."

मी सांगायला लागलो. म्हाताऱ्याने मान हलवली, काही कळलं नाही. मी आवाज चढवला. तरी नाही. शेजारच्या अंगणातले रंगारी काम थांबवून कुंपणापाशी आले. गल्लीत दोन बायका घागरी घेऊन थबकल्या. राजाच्या दोन शिपायांनीही वळून पाहिलं. मी सुनलानकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

मी ओरडून सांगितलं. भट्ट्या, चाक, माझा हात, लव्हाळी उतार, सगळं. 'मी सांगितलं' हे दोनदा ओरडावं लागलं, कारण पहिल्यांदा म्हाताऱ्याला 'त्याने सांगितलं' असं ऐकू आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "त्याने नाही!" मी ओरडलो. "मी! मी सांगितलं!" कुंपणापाशी कुणीतरी थुंकलं.

म्हातारा पुढे झुकला.

"माझा मुलगा भ्याला होता?" त्याने विचारलं.

"नाही!"

"आणि तू?"

"मी भ्यालो होतो!"

"आता?"

"आताही भितोय," मी म्हणालो. या वेळी मी ओरडलो नाही, पण ते त्याला ऐकू आलं.

त्याने ओसरीवरची चटई हाताने थोडी सारखी केली आणि स्वतः एका बाजूला सरकला.

"मग बस," तो म्हणाला.